किती जवळ होती रे?

बोनस खात्यात पडलाय, कॅमेरा कपाटात धूळ खातोय आणि डोक्यात एकच विषय... मोठी लेन्स! पण चारशे, पाचशे की सहाशे? सफारीला चालेल ती मॅचला चालेल का? कार्ड स्वाइप करण्याआधी हे वाचाच.

औंधला माझ्या एका मित्राच्या घरी, हॉलमध्ये सोफ्याच्या बरोब्बर वर एक वाघीण असते. फोटोतली. तीन फूट बाय दोन फूट, कॅनव्हासवर छापलेली. फ्रेमच्या या कडेला नाक आणि त्या कडेला शेपटीचं टोक. २०१९ साली ताडोबात काढलेला फोटो. घरी येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच विचारतो, ‘‘बापरे! किती जवळ होती रे?’’ आणि साहेब कॉलर ताठ करून सांगतात, ‘‘इथून त्या फ्रीजपर्यंत!’’

(फ्रीज आठ फुटांवर आहे. पण ते जाऊ दे.)

हा मित्र हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हाच धंदा. त्यामुळे वीकएण्डला स्वतःची एकही चूक दिसत नाही. या मार्चमध्ये बोनस आला आणि त्याच रात्री साडेअकराला फोन. ‘‘अगं, सहाशेची लेन्स घेतोय. नो कॉस्ट ईएमआय आहे. तू फक्त हो म्हण.’’

मास कॉमला फोटोग्राफीचा पेपर होता आणि त्यात बरे मार्क पडले होते, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण दोन लाखांच्या वस्तूला रात्री साडेअकराला ‘हो’ म्हणू नये, इतपत अक्कल आहे. म्हटलं, ‘‘आधी भाड्याने आण. मीपण येते.’’ पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने देणारे भरपूर आहेत. ओळखपत्राच्या कॉपीज, थोडं डिपॉझिट, आणि दिवसाचं भाडं साधारण चांगल्या हॉटेलात दोघांनी जेवण्याइतकं. मग काय, दोन महिने, चार वीकएण्ड आणि पाच लेन्स. माझे खांदे अजून दुखतायत.

आकड्यांचा फंडा

लेन्सवर ‘१८-१४०’, ‘२००-५००’ असं जे छापलेलं असतं ती फोकल लेंग्थ, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका मोठा तितका समोरच्या जगाचा छोटा तुकडा फ्रेममध्ये मावतो, आणि म्हणून त्यातली वस्तू मोठी दिसते. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचाच आहे. समोरच्या वस्तूच्या अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणा आणि फोकल लेंग्थने भागा, की फ्रेममध्ये किती रुंद जग मावेल ते मिळतं.

समजा, एक छोटा खंड्या दहा मीटरवरच्या फांदीवर बसलाय. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटिमीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मि.मी. रुंद. ४०० मि.मी.च्या लेन्सने फ्रेम होते ९० सें.मी.ची, म्हणजे खंड्या तिच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. ६०० लावली तर फ्रेम ६० सें.मी.ची आणि खंड्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त. एवढे पैसे ओतून मिळाला दीडपट खंड्या! हाच दीडपट खंड्या चारशेच्या लेन्सने सव्वातीन मीटर पुढे सरकलात तरी मिळतो, तोही फुकटात. तो बसून राहिला तर. सगळी मेख या ‘तर’मध्ये आहे.

तुमचा कॅमेरा छोट्या सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी जातीचा असेल, तर आणखी एक फायदा. निकॉन आणि सोनीत तीच लेन्स दीडपट लांबची वाटते, कॅननमध्ये १.६ पट. मित्राचा निकॉन डी ७२०० याच जातीचा. त्याच्यावर ५०० लावली की फ्रेम दिसते ७५०सारखी. लेन्स वाढत नाही, सेन्सर कडा कापतो. पण सोफ्यावर टांगायला तेवढं पुरतं.

आता दुसरा आकडा, एफ. दुकानदार यावर फार बोलत नाही, कारण खरी किंमत इथे दडलेली असते. फोकल लेंग्थला या आकड्याने भागलं की प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिळतो. ६०० एफ/४ म्हणजे १५० मि.मी., नाश्त्याच्या बशीएवढं तोंड! ६०० एफ/६.३ म्हणजे ९५ मि.मी. आणि ८०० एफ/११ म्हणजे जेमतेम ७३. बशीएवढी निर्दोष काच घासायची, तिच्यामागे आणखी डझनभर काचा बसवायच्या, की किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. एफ/२.८ आणि एफ/५.६ यांच्यात प्रकाशाचा चौपट फरक असतो. भर दुपारी तो जाणवत नाही. पण वाघ, पक्षी आणि फायनलचं शेवटचं षटक यांपैकी कुणीच भर दुपारी येत नाही ना!

बारकी लेन्स, जादा तेल

पहिली वारी भिगवणची. पहाटे साडेतीनला सोलापूर रस्त्याला लागलो, डिकीत निकॉनची २००-५०० एफ/५.६. २०१५ साली आलेली, कॉलर धरून २.३ किलोची. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मित्र म्हणाला, ‘‘हॅ, एवढीच?’’ अर्ध्या तासाने त्याने ती मांडीवर ठेवली. तासाभराने माझ्या.

कुंभारगावच्या काठावर उजाडत होतं. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या या पाण्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात आणि मार्चमध्येही त्यातले बरेच मुक्कामाला असतात. बोटवाले बहुतेक मच्छिमार घरातले. आमच्या दादांनी आधी लेन्सकडे बघितलं, मग आमच्याकडे. ‘‘ही हाय न्हवं तुमच्याकडं? मग लांबनंच घ्या. इंजन मी अलीकडंच बंद करतो.’’

आणि खरंच केलं. थव्यापासून अंदाजे साठ मीटरवर इंजिन बंद, पुढे फक्त बांबूने हलकं ढकलणं. मित्र कासावीस. ‘‘दादा, अजून थोडं पुढे?’’ दादा नुसते हसले. मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. साठ मीटर, ५०० मि.मी., डी ७२००चा सेन्सर १५.६ मि.मी. उंच. फ्रेमची उंची आली पावणेदोन मीटरच्या थोडी वर. मान ताठ केलेला फ्लेमिंगो सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे एकटा पक्षी पायापासून डोक्यापर्यंत जवळजवळ पाऊण फ्रेम भरून! आणखी काय हवं? हाच फोटो त्याच्या जुन्या १८-१४० लेन्सने घ्यायचा तर सतरा मीटरपर्यंत जावं लागलं असतं. सतरा मीटरवर फ्लेमिंगो थांबत नाही.

हे आम्हाला लगेच बघायलाही मिळालं. उजवीकडून दुसरी बोट आली, इंजिन चालू. पुढे बसलेल्या मुलाच्या हातात किट लेन्स आणि तो हाताने ‘चला चला’ करतोय. बोट सरळ थव्यात घुसली. आधी कडेच्या दहा-बारांनी माना वर काढल्या, मग चालायला लागले, मग पळायला, आणि मग अख्खा थवा गुलाबी-काळे पंख पसरून उठला. दिसायला सॉलिड, खोटं कशाला बोलू! माझाही हात आपोआप शटरवर गेला. नंतर लॅपटॉपवर बघितलं तर त्या चाळीस फोटोंत चाळीस वेळा फ्लेमिंगोंच्या पाठी होत्या. पळणारा पक्षी तोंड दाखवत नाही.

मित्र भडकला. ‘‘काय माणसं आहेत यार!’’ दादा शांतपणे म्हणाले, ‘‘त्यांची लेन्स बारकी हाय. बारकी लेन्स आली की आमचं तेल जादा जळतंय.’’

आम्ही तिथेच थांबलो. वीसेक मिनिटांनी थव्यातले काही परत येऊन उतरले आणि चिखलात चोच उलटी घालून चरत चरत आमच्याच दिशेने सरकायला लागले. पन्नास मीटर. मग चाळीस. आता ५००वर पाय कापले जायला लागले म्हणून झूम ३५०वर आणला. झूम लेन्सचा हा आनंद फिक्स लेन्सवाल्यांना ठाऊक नाही.

तीन गोष्टी तिथे शिकलो. बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी, कारण बोट डुलली की ट्रायपॉडही डुलतो. गुडघ्यावर कोपर टेकवा, शटर १/१००० च्या खाली आणू नका. दुसरी, साडेनऊनंतर आवरतं घ्या. ऊन चढलं की तापलेली हवा पाण्यावर थरथरायला लागते आणि लांबचा फोटो पाण्यातून बघितल्यासारखा येतो. इथे दहा लाखांची लेन्सही काही करू शकत नाही, मधली हवा तीच असते. आणि तिसरी, भिगवणचा मासा खाल्ल्याशिवाय निघू नका. तिचा लेन्सशी संबंध नाही.

क्लीन बोल्ड

पुढच्या शनिवारी मित्राच्या कंपनीची टुर्नामेंट होती. तो पहिल्याच बॉलवर आऊट झाला, त्यामुळे फोटोग्राफीला भरपूर वेळ मिळाला. या वेळी भाड्याची सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी आणि सोबत ७०-२०० एफ/२.८.

क्रिकेट हा फोटोसाठी मुलखाचा लांब खेळ. आंतरराष्ट्रीय मैदानावर बाउंड्री पिचच्या मध्यापासून साधारण ५९ ते ८२ मीटरवर असते आणि तुम्ही बसणार दोरीच्याही बाहेर. सत्तर मीटर धरा. फुल फ्रेमवर २०० मि.मी.ने फ्रेम ८.४ मीटर उंच, म्हणजे फलंदाज तिचा पाचवा हिस्सा. चेहऱ्यावरचे भाव वगैरे विसरा! ४००ने ४.२ मीटर, फलंदाज अर्ध्याला थोडा कमी. ६००ने २.८. प्रेसवाले ४०० एफ/२.८ किंवा ६०० एफ/४ घेऊन का बसतात, ते कळलं? आपल्या एपीएस-सीवर ४००च्या आसपास मस्त जमतं. ६००ला नेलं आणि बॅट वर गेली की बॅट फ्रेमबाहेर.

साडेतीनपर्यंत सिग्माने मजा आणली. मग ऊन उतरलं. सहाशेला ही लेन्स एफ/६.३ आणि बॅट गोठवायला किमान १/१००० हवं. साडेपाचला आयएसओ ६४०० आणि सावळ्या चेहऱ्यांवर रवा पसरल्यासारखा नॉइज. एफ/२.८ असती तर त्याच प्रकाशात १३००-च्या आत भागलं असतं. इथे मित्राने प्रश्न टाकला, ‘‘पण हिच्यात स्टॅबिलायझेशन आहे ना?’’ आहे की! निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी, सोनी ओएसएस. पण ते थरथरणारे हात सांभाळतं, तुमचे. समोरच्या बोलरचे नाही. बसलेल्या घुबडासाठी वरदान, यॉर्करसाठी काही नाही.

त्याच रात्री कबड्डीच्या सामन्याला गेलो आणि गणित पार उलटं झालं. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १०. तुम्ही रेषेपासून पाच-सहा मीटरवर. सिग्मा बॅगेतून निघालीच नाही. ७०-२०० एफ/२.८, शटर १/८००, आयएसओ ६४००, आणि मस्त फोटो. एफ/६.३ने तिथे आयएसओ ३२ हजारांवर न्यावा लागला असता. तेव्हा कबड्डी, खोखो, बॅडमिंटन हे तुमचे खेळ असतील तर सहाशेचं स्वप्न इथेच सोडा. ७०-२०० एफ/२.८ घ्या. तेवढं बजेट नसेल तर ८५ एफ/१.८ घेऊन पुढच्या रांगेत बसा. खेळाडू अंगावर येऊन पडतो कधी कधी, ते सोसायचं.

मग घ्यायची कुठली?

आपल्यासारख्या हौशी लोकांचं नशीब २०१३-१४च्या सुमारास उघडलं, जेव्हा टॅमरॉनने १५०-६०० आणली आणि पाठोपाठ सिग्माने दोन काढल्या. त्याआधी सहाशे म्हणजे प्रेसवाल्यांची किंवा श्रीमंत काकांची मिरास. सिग्माच्या दोघींत गोंधळू नका. ‘कंटेम्पररी’ १.९३ किलो, ‘स्पोर्ट्स’ २.८६ किलो. एक किलोचा हा फरक दुकानात कळत नाही, तिसऱ्या तासाला कळतो. डीएसएलआर असेल आणि बजेट आखडतं असेल तर सेकंडहॅण्ड कंटेम्पररी, टॅमरॉनची जी२ किंवा निकॉनची २००-५००, यांतली कुठलीही घ्या. रात्रभर यूट्यूबवर त्यांची तुलना बघत बसू नका. माझ्या डोळ्यांना निकॉन शेवटच्या टोकाला जास्त कडक वाटली आणि ती सगळीकडे एफ/५.६ राहते. सिग्मा हलकी आहे आणि शंभर मि.मी. जास्त देते. फरक संपला.

मिररलेसवर असाल तर मात्र चैन आहे. सोनीची २००-६०० (२०१९) आणि निकॉनची झेड १८०-६०० (२०२३), दोन्ही कॉलर सोडून दोन किलोच्या आसपास, दोन्ही एफ/५.६-६.३, आणि दोघींचीही झूम करताना लांबी बदलत नाही. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण लांबी वाढणारी लेन्स जिप्सीत शेजाऱ्याच्या कानात जाते. किंमत दीड-दोन लाखांच्या घरात. झेड १८०-६०० आम्ही तिसऱ्या वीकएण्डला सिंहगडच्या पायथ्याच्या ओढ्यावर वापरली. कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधतो आणि धरून ठेवतो. मित्राला तिथेच ईएमआयची उबळ आली. कशीबशी दाबली.

कॅननचा स्वभाव वेगळा. वजन कमी करा, प्रकाश गेला तरी चालेल! आरएफ १००-५०० (२०२०) कॉलरविना १.४ किलोच्याही आत, क्वालिटी झकास, पण ५००ला एफ/७.१ आणि किंमत सोनी-निकॉनच्या वर. आरएफ २००-८०० (२०२३) दोन किलोत चक्क आठशे देते, टोकाला एफ/९. भर उन्हातल्या गरुडाला उत्तम, ताडोबाच्या पहाटे सहाला हात चोळत बसाल. आणि २०२०च्या त्या ६०० आणि ८०० एफ/११! ६००चं वजन ९३० ग्रॅम. लोकांनी हसून घेतलं, मलाही आधी चेष्टाच वाटली. पण पहिल्या पगारात पक्षी बघायला निघालेल्या मुलीला पाठीवर झेपेल अशी सहाशे कुणी दिली होती आधी? चांगल्या उन्हात ती काम करते. त्याहून लहान हवी तर आरएफ १००-४०० (२०२१), वजन ६३५ ग्रॅम. पाण्याच्या बाटलीपेक्षा हलकी. रोज बॅगेत राहणारी लेन्स म्हणून माझं मत हिला.

चौथ्या वीकएण्डला सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे बघायला निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ नेली. २०१८ची, १.४६ किलो. आत फ्रेनेल जातीची खास काच असल्यामुळे एवढी आखूड. हातात घेतल्यावर परत द्यावीशी वाटत नाही. झूम नाही, किंमत जास्त, पण मान-खांदे शाबूत. वजन उतरवायची ही शर्यत मोठ्या लेन्सेसमध्येही चालू आहे. कॅननची १९९९ची ४०० एफ/२.८ होती ५.३७ किलोची, २०१८ची आली २.८४वर. किंमत मात्र अशी उतरत नाही!

दोन इशारे. लेन्समागे लावायचा टेलिकन्व्हर्टर स्वस्तात लांबी वाढवतो, पण १.४ पटीचा निम्मा प्रकाश खातो आणि २ पटीचा तीन चतुर्थांश. एफ/६.३च्या झूमवर २ पटीचा लावलात तर हाती येईल एफ/१३ आणि पश्चात्ताप. आणि निकॉन पी १०००सारखे ‘३००० मि.मी.’वाले ब्रिज कॅमेरे चंद्रावरचे खड्डे दाखवतात, खरंच दाखवतात. पण करंगळीच्या नखाहून लहान सेन्सरला पहाटेच्या जंगलात काही दिसत नाही.

फाइल उघडली आणि...

एप्रिलच्या शेवटी त्याच्याच घरी, त्याच सोफ्यावर बसून सगळे फोटो चाळत होतो. मला सहज सुचलं. ‘‘तुझ्या वाघिणीची ओरिजिनल फाइल आहे का रे?’’

होती. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा गुपचूप सगळं लिहून ठेवतो. तारीख, वेळ, शटर, फोकल लेंग्थ. तिथे लिहिलं होतं, १४० मि.मी. फोटो कापलेला नाही. वाघीण नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच मीटर धरली, तर अडीचला १४०ने गुणा, सेन्सरच्या २३.५ने भागा. पंधरा मीटरही भरत नाहीत.

फ्रीजपर्यंत नव्हे. पण नॅशनल टायगर कॉन्झर्व्हेशन अथॉरिटीच्या पर्यटनाच्या नियमांत वन्यप्राण्यांपासून किमान वीस मीटर अंतर सांगितलंय, त्याच्या आत नक्की.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘ड्रायव्हर थांबला होता गं मागे. मीच म्हणालो, दादा, थोडं पुढे घ्या ना, माझी लेन्स छोटी आहे.’’

मग आम्ही दोघांनी तो फोटो पहिल्यांदा नीट बघितला. कान मागे वळलेले आहेत. इतकी वर्षं ती ‘पोझ देतेय’ असं आम्हाला वाटायचं.

३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारी रस्त्यावर एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी कोंडलं होतं. तो व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५मध्ये स्वतःहून दखल घेतली. ते बघून आपण सगळेच ‘काय ही माणसं’ म्हणालो होतो. मित्रही म्हणाला होता. त्या जिप्सींत बसलेल्यांपैकी किती जणांनी ‘थोडं पुढे घ्या ना’ एवढंच म्हटलं असेल?

मोठी लेन्स घेतली की माणूस सुधारतो असंही नाही हं. सहाशेवालेही ‘फक्त डोळे हवेत’ म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागतात, हे मी बघितलंय. पण तीस मीटरवरून अख्खी वाघीण फ्रेममध्ये घ्यायला डी ७२००वर २८० मि.मी. पुरतात. सहाशे नको, पाचशेपण नको. तीनशे पुरे.

तर शेवटी...

ईएमआय झाला नाही. मित्राने सेकंडहॅण्ड २००-५०० घेतली, बोनसच्या अर्ध्यात बसली. जुन्या डी ७२००वर चालते, उद्या झेड कॅमेरा घेतला तर अडॅप्टर लावून त्याच्यावरही चालेल. घेताना आम्ही मोबाईलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून बघितला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी नको. माउंट हलतोय का बघा, दोन्ही टोकांना फोकस होतोय का बघा, आणि घरी आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा. किराणा दुकानातला मोठा प्लॅस्टिकचा डबाही चालतो. सफारीला जाताना उशीचा एक जाड अभ्रा न्या. तिथे पोहोचल्यावर त्यात दोनेक किलो तांदूळ भरायचे, जिप्सीच्या दांड्यावर टाकायचा आणि त्यावर लेन्स टेकवायची. तांदूळ परतताना हॉटेलवाल्याला देऊन टाकायचे.

बोनसच्या उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. म्हणजे ठरलंय, पण त्याच्या बायकोने.

वाघीण अजून सोफ्याच्या वरच आहे. परवा ऑफिसातले दोघं जण जेवायला आले होते, मीही होते. चपला काढता काढताच एकाने विचारलं, ‘‘बापरे! किती जवळ होती रे?’’

मित्र ताटं मांडत होता. वर न बघताच म्हणाला, ‘‘पंधरा मीटर. वीस हवं होतं.’’